कवटीवाला सोडा

आप्पा पहिल्यांदा माझ्या दुकानात आले तेव्हा नमस्काराच्या आधी त्यांनी माझी पाण्याची बाटली उचलली. टेबलाच्या कोपऱ्यात लवंडलेली, रिकामी. ती त्यांनी उजेडाकडे धरून पाहिली, नाकाशी नेऊन हुंगली, मग सदऱ्याच्या खिशातून पोती शिवायचं दाभण काढलं आणि बाटलीच्या बुडाला खसाखस भोकं पाडली. बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "हां, आता बोल. लेबल करतीस का तू?"

माजलगावात मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्याला माझं एका शटरचं दुकान होतं तेव्हा. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, दुकानांच्या पाट्या, असली कामं. दिवसभर तऱ्हेतऱ्हेची माणसं येत, पण आल्या आल्या माझ्याच बाटलीला भोकं पाडणारा माणूस मी पाहिला नव्हता. त्यांच्या मागून त्यांचा मुलगा आत आला. माझ्याहून थोडा मोठा, चेहऱ्यावर कायम माफी मागितल्याचे भाव. म्हणाला, "ताई, मनावर घेऊ नका. आप्पांची सवयच हाय ती."

तसं आप्पांना सगळं माजलगाव ओळखत होतं. उंच, काटकुळे, कपाळावर भस्माचे ठळक पट्टे, पांढरं धोतर, वर सदरा, आणि त्या सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी दाभण. घराणं मोंढ्यातलं, आडतीचं. आप्पांनी मात्र तरुणपणीच आडत भावकीवर सोडून दिंद्रुडच्या रस्त्याला सोड्याचा कारखाना टाकला होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड, एक मशीन, पाण्याच्या टाक्या आणि पॅकिंगला बसणाऱ्या काही बाया. सोड्याचं नाव 'उतारा'. जेवण अंगावर आलं की त्यावर उतारा, म्हणून. त्या नावापायी त्यांच्या मुलाला निम्मे फोन सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी येत. जिरं, काळं मीठ, लिंबाचा वास असलेला तो सोडा चवीला खरोखर फक्कड होता.

पण आमच्याकडं कुणी 'उतारा द्या' म्हणत नसे. लोक म्हणत, "कवटीवाला द्या."

कारण त्या लेबलवर कवटी होती. खाली दोन हाडं, वर डोळ्यांच्या खोबण्या, सगळं लालभडक. फवारणीच्या औषधाच्या डब्यावर असते तशी. तिच्याखाली जाड अक्षरात लिहिलेलं, 'रिकाम्या बाटलीत औषध भरू नये.' त्या कवटीपुढं 'उतारा' हे नाव कुठल्या कुठं कोपऱ्यात गेलेलं.

"ही काढायची, ताई," मुलगा म्हणाला.

"काढायची न्हाई," आप्पा म्हणाले.

असं आमचं काम सुरू झालं.

मुलाची अडचण खरी होती. मोठ्या कंपन्यांच्या बाटल्या आता टपरीटपरीवर पोचल्या होत्या. उन्हाळ्यात दोन पाळ्यांत चालणारं मशीन एका पाळीवर आलं होतं आणि पॅकिंगच्या बायांना आळीपाळीनं बोलवावं लागत होतं. अशात बीडचा एक डिस्ट्रिब्युटर माल उचलायला तयार झाला. त्याला सोडा आवडला होता. फक्त बाटली हातात घेऊन तो म्हणाला होता, "ही कवटी घेऊन मी कुठल्या हॉटेलात जाऊ? गिऱ्हाईक म्हणंल, प्यायचं का मरायचं?" लेबल बदललं तर माल उचलतो, नाही तर राहिलं, असं त्याचं स्पष्ट म्हणणं. आणि त्यानं नाही उचलला तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत शेडला कुलूप, हे मुलानं मला आप्पा बाहेर पान आणायला गेले तेव्हा सांगितलं.

लेबलच्या निमित्तानं मी महिनोन्‌महिने त्या शेडमध्ये जात राहिले. सकाळी गेलं की आप्पांची ढेकर ऐकायला मिळायची. ही गंमत नाही, तो तिथला नियम होता. मशीनमधून निघालेली पहिली बाटली आप्पा उभ्यानं, एका दमात पीत. मग हात पाठीमागं बांधून शेडमध्ये येरझाऱ्या घालत. बाया हातातलं काम थांबवून त्यांच्याकडं बघत बसत. ढेकर आली की आप्पा हात वर करून म्हणत, "पास!" आणि मशीन धडधडायला लागे. नाही आली तर गॅस तपासायचा, नळ्या तपासायच्या, परत बाटली. एकदा आप्पांचं पोट बिघडलेलं होतं, ढेकर काही येईना. मुलगा वैतागून म्हणाला, "आप्पा, सोड्यात खोट न्हाई, तुमच्यात हाय." आप्पा म्हणाले, "मग दुसऱ्या कुणाची तरी ढेकर आण. ढेकरीबिगर माल सुटणार न्हाई." शेवटी पॅकिंगच्या शांताबाईंनी बाटली पिऊन दणदणीत ढेकर दिली आणि लाजून पदर तोंडाला लावला. आप्पा गंभीरपणे म्हणाले, "पास."

दुसरी गोष्ट त्यांच्या खरेपणाची. पहिल्या डिझाइनमध्ये मी हिरवीगार लिंबं टाकली होती, कापलेली, रसाचे थेंब उडत असलेली. आप्पांनी चष्मा लावून स्क्रीनजवळ तोंड नेलं.

"हे काय हाय?"

"लिंबू, आप्पा."

"आपल्यात लिंबू कुठं हाय? लिंबाचा वास हाय. वासाचं चित्र काढ."

"वासाचं चित्र कसं काढू?"

"मग काढूच नको."

लिंबू गेलं. पुढच्या खेपेला मी 'ताजेतवाने करणारा' असं लिहिलं. तेही गेलं. "ताजंतवानं झोप करती, पोरी. मी काय इकतो? पानी, साखर, मीठ, जिरं, वास आन् वारा. तेवढंच लिव्ह." मग 'पारंपरिक चव' गेलं, कारण चव त्यांनी स्वतःच बसवली होती, कुणाच्या आजानं नाही. 'मराठवाड्याची शान' वाचून तर ते उठून उभे राहिले आणि मला विचारलं, "मी सगळ्या मराठवाड्याला इचारायला गेलतो का?" असं एकेक जाता जाता लेबलवर जिऱ्याची एक जुडी, नाव आणि पुष्कळशी मोकळी जागा उरली. आणि खरं सांगायचं तर मी आजवर केलेल्या कामात ते सगळ्यात देखणं होतं. मुलाच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. तेवढ्यात आप्पांनी त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"हितं कवटी."

मी समजावून पाहिलं. मुलगा चिडला, मी चिडले. आप्पा चिडत नसत. ते फक्त ऐकून घेत आणि परत बोट तिथंच ठेवत.

याच काळात मी त्यांना एका लग्नात पाहिलं. नवरीकडच्यांच्या पत्रिका माझ्याकडच्या, म्हणून मी गेले होते. पंगती उठल्या, आहेर सुरू झाले, आणि मंडपाच्या मागं जिथं उष्ट्या पत्रावळी नि बाटल्यांचा ढीग पडला होता तिथं आप्पा उकिडवे बसलेले दिसले. स्वच्छ धोतर-सदरा घालून आलेला प्रतिष्ठित माणूस एकेक रिकामी बाटली उचलतोय, हुंगतोय, भोसकतोय आणि बाजूला टाकतोय. फक्त आपल्या सोड्याच्याच नाही, कुठल्याही कंपनीच्या. लोक बघून हसत होते. त्यांच्याच वयाचा एक मोंढ्यातला व्यापारी जाता जाता म्हणाला, "काय बे, म्हातारपणी भंगाराचा धंदा चालू केला का?"

"हां," आप्पा म्हणाले, आणि पुढची बाटली घेतली.

गावात याचं उत्तर ठरलेलं होतं. आप्पांच्या बाटल्या गोळा करून कुणी नकली सोडा भरून विकेल, या भीतीनं ते भोकं पाडतात, असं लोक म्हणत. मलाही तेच वाटत होतं. पण मग परक्या कंपन्यांच्या बाटल्या कशाला फोडायच्या, हा प्रश्न मला तिथं उभ्या उभ्या पडला.

दुसऱ्या दिवशी मी शेडवर गेले आणि सरळ सांगितलं, "आप्पा, कवटीसकट लेबल माझ्याकडून होणार नाही. त्या बीडवाल्याला मी काय दाखवू? तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मग म्हणाले, "उद्या सकाळी दिंद्रुडला येतीस का? तात्याकडं जाऊ. मग तुला वाटंल ते कर."

तात्या म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ. दिंद्रुडच्या शिवारात घरची शेती बघायचे. आम्ही गेलो तेव्हा ते कडुलिंबाच्या झाडाखाली बाजेवर बसले होते. आप्पांसारखेच उंच, पण आवाज ऐकला आणि मी दचकले. घशातून नुसती हवा यावी तसा फाटका, घोगरा आवाज. एकेक वाक्य बोलायला त्यांना थांबावं लागे.

"हिला सांग," आप्पा म्हणाले आणि स्वतः उठून बांधाच्या कडेला जाऊन उभे राहिले, आमच्याकडं पाठ करून.

तात्यांनी सांगितलं. कापसाला फवारणी चालू होती. गड्यानं शेजाऱ्याला थोडं औषध द्यायचं म्हणून सोड्याच्या रिकाम्या बाटलीत ओतलं आणि बाटली बांधावर ठेवली. तात्या उन्हातून तहानलेले आले. "बाटली बघितली. लेबल आपलं. घरचं. दादाचं. मंग कशाला इचार करू? बूच काढलं आन् लावली तोंडाला."

"वास नाही आला?"

"तंबाखू खानाराला कसला वास, ताई."

दोन घोट गेले. पुढचं त्यांना स्वतःला आठवत नव्हतं, दुसऱ्यांनी सांगितलेलं होतं. जीपमध्ये घालून अंबाजोगाईला नेलं. नाकातोंडात नळ्या घातल्या. डॉक्टरांनी आधी काहीच सांगितलं नाही, नंतर सांगितलं की माणूस राहील, आवाजाचं माहीत नाही. तेव्हा ते लेबल साधं होतं. नुसतं नाव आणि दोन लिंबं.

"दादा तिथं दवाखान्याच्या पायरीवर बसून व्हता. त्याला वाटतं, त्यानंच पाजलं मला." तात्या थांबले, श्वास घेतला. "म्या लई सांगितलं. आरं, तुजी काय चूक? पर त्यो म्हनतो, लेबल बघून पिलास ना? म्हंजी लेबल खोटं बोललं. आन् लेबल माजं हाय."

बांधावर आप्पा तसेच उभे होते. वाऱ्यानं धोतर हलत होतं. तात्यांच्या घरच्यांनी चहा आणला, तो आम्ही पिलो आणि परत आलो. वाटेत आप्पा एवढंच म्हणाले, "बाटलीत काय भरायचं ते लोक माझं ऐकून थोडंच भरनार हायेत. पर बाटली उघडली की लेबलानं बोलनं बंद करायला पायजे. आता ह्याच्यात सोडा हाय, असं त्यानं म्हनूच नये. असं हुतंय का काही?"

त्यानंतर माझं डोकं दुसरीकडं लागेना. दुकानात पत्रिकांचे नमुने लावलेले असत. त्यात एक नमुना होता, वर गणपतीची खिडकी, ती उचलली की आत वधूवरांची नावं. एका दुपारी एक गिऱ्हाईक ती खिडकी उगाच उघडझाप करत बसलं होतं आणि मी त्याच्या हातातून तो कागद जवळजवळ हिसकावूनच घेतला.

शेडमध्ये जाऊन मी आप्पांना आणि मुलाला कागदाचे तुकडे चिकटवून दाखवलं. बाटलीला लेबल, त्यावर जिऱ्याची जुडी. तीच जुडी आता लेबलऐवजी एका पट्टीवर छापायची. पट्टी वर टोपणावरून घ्यायची आणि खाली लेबलवर आणून हलकीशी चिकटवायची. टोपणाला मात्र पक्की. टोपण फिरवलं की पट्टी त्याच्याबरोबर उचकटून येणार. आणि पट्टीखाली, लेबलवर—

"कवटी," आप्पा म्हणाले.

"कवटी. आणि खाली, 'ही बाटली उघडलेली आहे.' दुकानात मांडली तर दिसणार नाही. उघडली की दिसल्याशिवाय राहणार नाही."

मुलगा पट्टी लावत होता, काढत होता. मग म्हणाला, "पण आप्पा, सोडा पिणाऱ्याला बी दिसणार ना कवटी. रोजच दिसाय लागली तर लोकांना सवय हुईल. कुणी लक्ष देणार न्हाई."

"हू दे सवय. उघडी बाटली दिसली की हात थांबायची सवय हू दे. दुसरं काय पायजे?"

वाटलं होतं, झालं काम. पण बर्फाच्या पेटीत ठेवल्याबरोबर कागद भिजला आणि पट्ट्या आपोआप सुटल्या. सगळी पेटी उघडून बघतो तर ओळीनं कवट्या आमच्याकडं बघतायत. शांताबाई किंचाळल्याच. मग प्लास्टिकच्या कागदावर छापून पाहिलं, तर डिंक धरेना. धरला तर सुटेना, अन् टोपण फिरवताना पट्टी मधेच तुटायची. बाया रोज नवीन डिंक लावून दमल्या. शेवटी डिंकाचे ठिपके कुठं आणि किती द्यायचे ते शांताबाईंनी आणि मी खटपटीनं बसवलं. आप्पा रोज ढेकरीनंतर एक बाटली बर्फाच्या पाण्यातून काढून उघडून बघत. ज्या सकाळी पट्टी सरळ, अख्खी, टोपणाबरोबर आली आणि खालून लाल कवटी पूर्ण दिसली, त्या सकाळी त्यांनी परत एकदा हात वर केला. "पास."

बीडचा डिस्ट्रिब्युटर आला. बाटली फिरवून फिरवून पाहिली, म्हणाला, "आता कसं! ह्याला म्हणतात लेबल." मग टोपण उघडलं आणि "आयला!" म्हणून बाटली हातातून सुटता सुटता वाचली. मुलाच्या चेहऱ्याचा रंग उडाला. तो माणूस त्या कवटीकडं बघून खो खो हसायला लागला. "गिऱ्हाईक आधी पैसे देईल, मग बघंल. मला काय!" माल गेला. मशीन परत दोन पाळ्यांत सुरू झालं. मुलगा मला पेढे द्यायला दुकानात आला.

माझं काम तिथं संपलं होतं. पण दिवाळीनंतर, उसाचा हंगाम सुरू झाल्यावर, एका सकाळी मी काही प्रूफ दाखवायला शेडवर गेले होते. मुलाचा फोन वाजला. नंबर लेबलवर छापलेला होता, त्यामुळं अनोळखी फोन येत असत. त्यानं सवयीप्रमाणं स्पीकर लावला. पलीकडून एका माणसाचा घाबराघुबरा आवाज आला, "शिरूर कासारहून बोलायलोय. तुमच्या सोड्याच्या बाटलीत औषध व्हतं. आमच्या आईनं—"

आणि फोन बंद पडला.

मुलानं परत लावला. बंद. परत लावला. बंद. आप्पांनी मशीनचं बटण स्वतः बंद केलं, दारात उभ्या टेम्पोकडं चालत गेले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. मुलगा धावत येऊन स्टिअरिंगवर बसला. मीही का कोण जाणे, त्यांच्या शेजारी चढले. एकट्या त्या बापलेकांना पाठवणं मला जमलं नसतं.

वाटेतलं गढी गाव मागं पडलं. मुलगा सारखा नंबर लावत होता, मी त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि मी लावत राहिले. आप्पांनी एका हातानं खिडकीची कड घट्ट धरली होती. मधेच एकदा त्यांनी मला विचारलं, "पट्टी नीट निघती ना, पोरी? सगळ्या बाटल्यांची निघती?"

"निघते, आप्पा."

"तू बघितलंस?"

"मी बघितलंय."

शिरूर कासारला आमचा सोडा ठेवणारं एक किराणा दुकान होतं. त्याला विचारलं. गावातली निम्मी घरं ऊसतोडीला गेलेली, मागं राहिलेल्यांत कोणाच्या घरी काही झालंय का, हे त्याला लगेच कळलं असतं. तो म्हणाला, "तसं काही कानावर न्हाई. फोनवाला कोण असंल? गुरांसाठी परत आलेला एक जण हाय वस्तीवर, त्याची आई बी हाय. बघा तिकडं." कानावर नाही, म्हणजे आशा होती, किंवा इतक्यातच घडलं असावं, अशी भीतीही. आम्ही कच्च्या रस्त्यानं वस्तीकडं गेलो.

घरापुढं गर्दी नव्हती. मुलानं टेम्पो थांबवला आणि आप्पा उतरेचनात. मी त्यांना हात धरून उतरवलं. अंगणात एक काटक म्हातारी सुपात बाजरी पाखडत बसली होती. तिनं मान वर केली, टेम्पोवरचं 'उतारा' नाव तिला वाचता येणार नव्हतं, पण कडेला काढलेली बाटली बघितली आणि सूप खाली ठेवलं.

"तूच का रं त्यो सोडेवाला?"

आप्पांनी हात जोडले. मीच विचारलं, "आजी, तुम्ही... तुम्ही पिलात का ते?"

"पिते कशी?" म्हातारी कडाडली. "तान लागली म्हनून उचलली कोनाड्यातली बाटली, तर वर ह्ये मुडद्याचं टकुरं! काळीज गपकन हाललं ना माजं! बाटली ठिवली खाली आन् लेकाला हाक मारली. म्हनलं, बाबा, ह्ये काय हाय ते आदी सांग. मला वाचता येत न्हाई, पर हाडकं कळत्यात."

तिचा मुलगा गोठ्यातून धावत आला. तोच फोनवाला. मान खाली घालून सांगू लागला, "गोचिडाचं औषध भरलतं म्या त्याच्यात. म्हशीला लावायचं. आईनं वळखलं म्हनून तुमाला सांगायला फोन केलता, तर चार्जिंगच गेलं. आन् लाईट बी न्हाई सकाळपून."

"सांगायला फोन केलतास?" आप्पांचा मुलगा ओरडलाच. "मग आदी 'आई बरी हाय' म्हणायचं ना बे! अर्ध्यातच..." तो तसाच मागं फिरला, टेम्पोत जाऊन बसला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडायला लागला. इतक्या महिन्यांत कवटी काढा, कवटी काढा म्हणून भांडलेला तो, खांदे हलेपर्यंत रडत होता.

आप्पा सावकाश त्याच्याजवळ गेले. त्याच्या पाठीवर हात ठेवला. "रडतो कावून बे? म्हातारी शिव्या देती हाय. म्हंजी जित्ती हाय."

मागं म्हातारी थांबायला तयार नव्हती. सोड्यावर असली अभद्र चित्रं काढू नयेत, लोकांनी काय घाबरून मरायचं का, असं तिचं चालूच होतं. आप्पा तिच्यासमोर येऊन जमिनीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "अजून बोल, माय. मला ऐकू दे." तिला काय कळलं कोण जाणे. ती थांबली, त्यांच्याकडं नीट बघितलं आणि लेकाला म्हणाली, "बघतो काय? चुलीवर च्या ठिव. लांबून आल्यात मानसं."

परतताना वाटेत मुलानं दिंद्रुडला फोन लावला. तात्यांना सगळं सांगितलं. पलीकडून तो फाटका आवाज काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. पण आप्पांनी फोन घेतला आणि नुसते "हां... हां..." करत राहिले, आणि मग माजलगाव येईपर्यंत खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक उसाच्या फडाबद्दल, कुणाचा कसा आलाय, कुणी पाणी कमी दिलंय, असं अखंड बोलत राहिले. मला उसातलं काही कळत नाही. मी सगळं ऐकलं.

आता मी परळीला असते, दुकान तिकडं हलवलं. ते लेबल अजून तसंच आहे. आप्पाही आहेत, थकलेत एवढंच.

त्या दिवशी दुपार कलताना आम्ही शेडवर पोचलो तेव्हा बाया फाटकातच उभ्या होत्या. कुणी घरी गेलं नव्हतं, कुणी जेवलं नव्हतं, सकाळच्या बाटल्या तशाच रांगेत उभ्या. आप्पा टेम्पोतून उतरले, धोतर झटकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लई तोंडाळ म्हातारी हाय. च्यात साखर बी कमी घातली."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग शांताबाई मटकन एका क्रेटवर बसल्या आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या, आणि आतून कुणीतरी मशीन चालू केलं.